काजवे बघायला दिवे घेऊन



मे संपत आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक जाहिरात न चुकता येते. "काजवा महोत्सव! भंडारदरा! दोन दिवस एक रात्र, तंबू, शेकोटी, डीजे, अनलिमिटेड जेवण आणि लाखो काजवे!" यादीत काजवे सगळ्यांत शेवटी, हे मी मुद्दाम बघून ठेवलंय. यंदा ती पुतण्याने टाकली आणि खाली विचारलं, "काकू, जाऊया का?" दोन ओळींत उत्तर द्यायला बसले, पण ते काही दोन ओळींत मावेना. बाईंना प्रश्न विचारल्यावर दुसरं काय होणार!

आधीच सांगते, माझं म्हणणं 'जाऊ नका' असं नाही. काजवे बघावेतच. पहिल्या पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत काजव्यांनी भरलेलं झाड ज्याने एकदाही पाहिलं नाही, त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं. माझं भांडण आहे ते 'महोत्सव' या शब्दाशी, आणि त्या शब्दाबरोबर जे जे काही गाडीत भरून जंगलात नेलं जातं त्याच्याशी.

भंडारदरा म्हणजे अकोले तालुका (परदेशातल्या भाचरांसाठी सांगतेय), पूर्वीचा नगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. रतनगडाच्या डोंगरात प्रवरा उगम पावते, तिच्यावर इंग्रजांनी १९२६ साली पुरं केलेलं विल्सन धरण. जवळच कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. हा सगळा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. अभय-अरण्य! (शब्दाची फोड करायची जुनी खोड, चालवून घ्या.) जलाशयाला वळसा घालून जो रस्ता जातो त्याच्यावर मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावं. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची, काही ठाकरांची. घाटघरला पाऊस असा कोसळतो की त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात.

२५ मेच्या सुमाराला रोहिणी नक्षत्र लागतं. वळवाच्या दोन-चार सरी पडून जातात, जमिनीतून वाफ निघते, हवा चिकट होते, आणि मग हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे दिसायला लागतात. मृग निघून खरा मुसळधार पाऊस सुरू झाला की संपले. म्हणजे सगळा खेळ फार तर तीन-चार आठवड्यांचा.

वर्गात मी मुलांना हमखास विचारायची, काजवा चमकतो कशाला? एक तरी हात वर यायचा, "बाई, त्याला अंधारात दिसावं म्हणून." अरे नाही. त्याला दिसावं म्हणून नव्हे, *तो* दिसावा म्हणून! काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला किडा. अळी असताना महिनोन् महिने तो ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात राहतो, गोगलगायी खातो. पंख फुटल्यावर त्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात, आणि त्या अवधीत जोडीदार शोधून, अंडी घालून मोकळं व्हायचं असतं. पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की थंड उजेड पडतो. त्या उजेडाची उघडझाप ही त्याची भाषा. नर चमकतो, मादी उत्तर देते. कित्येक जातींत मादी फारशी उडत नाही, गवतात किंवा बुंध्यापाशी बसून उत्तर देते.

आता विचार करा. समोरासमोरच्या दोन गच्च्यांवरून एक मुलगा नि एक मुलगी हळूच हातातल्या बॅटरीने खाणाखुणा करताहेत आणि मधे कोणीतरी हॅलोजनचा दिवा आणून लावला. काय होईल? लग्न मोडेल, दुसरं काय! आणि आपण तर त्या लग्नाला पाहुणे म्हणून गेलेलो असतो. वर गवतात जी नवरी बसलीय तिच्यावर पाय देऊन आपण फोटो काढत असतो.

आम्ही २०२३ च्या जूनमधल्या पहिल्या शनिवारी गेलो होतो. शनिवार, कारण सगळ्यांना सुट्टी तेव्हाच. सगळ्यांना म्हणजे अख्ख्या मुंबई-पुणे-नाशिकला हे तिथे गेल्यावर कळलं. रात्री आठपासून त्या एवढ्याशा रस्त्यावर गाड्यांची रांग. प्रत्येक गाडीचे पुढचे दिवे मोठे केलेले, काही महाभागांच्या गाड्यांच्या टपावरही दिव्यांची माळ. एका झाडाखाली पन्नासेक माणसं मोबाइलची बॅटरी वर धरून उभी होती, "कुठेयत? कुठेयत?" करत. एक छोटा मुलगा काचेच्या बरणीत चार काजवे घेऊन फिरत होता आणि त्याची आई कौतुकाने त्याचा व्हिडिओ काढत होती. लांब कुठेतरी एका तळावर गाणी लागलेली. झाड मात्र काळंठिक्कर.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या बाई साठीच्या. आमचे पडलेले चेहरे बघून हसल्या. म्हणाल्या, "दिवे लावून लावून इचारत्यात, काजवं कुठं हायेत? म्या म्हनते, बाबा, दिवा इझव, मंग दिसत्यात." साडेदहानंतर त्यांनीच आम्हाला घरामागच्या खाचरांच्या बांधावरून नेलं. "मोबाइल खिशात," अशी तंबी. माझा हात नातवाच्या खांद्यावर. दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं होतं. शहरातल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि ती दहा मिनिटं कुठल्याही पॅकेजात नसतात.

मग दिसलं. समोर एक मोठं झाड होतं, आणि ते झाड श्वास घेत होतं. सगळं उजळायचं, सगळं विझायचं. हजारो किडे एका तालात! शेजारच्या झाडाचा ताल जरा मागे, त्याच्या पलीकडच्याचा आणखी मागे, त्यामुळे उताराच्या खालून वरपर्यंत उजेडाची लाट गेल्यासारखी वाटायची. अशी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. नातू, जो एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही, तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आजी, यांना कोण सांगतं कधी बंद व्हायचं?" त्याला मी परतताना समजावलं की सांगणारा कोणी नसतो, शेजारच्याचं बघून प्रत्येक जण आपला ताल जुळवतो. (आमच्या शाळेतल्या कवायतीला हे कधी जमलं नाही.)

तर पुतण्याचं म्हणणं असं की, काकू, तुम्ही म्हणता ते खरं, पण त्या लोकांना चार पैसे मिळतात ना? तुम्ही शहरात बसून जंगल वाचवा म्हणणार आणि त्यांनी काय खायचं?

हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. या भागात भाताचं एक पीक, तेही पावसाच्या भरवशावर. दिवाळी झाली, भात घरात आलं, की तरणी माणसं जुन्नर-नारायणगावकडे भाजीपाल्याच्या नाहीतर द्राक्षाच्या मळ्यांत मजुरीला जातात. मेअखेर हात रिकामे असतात आणि नेमकं तेव्हाच बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अंगावर येतो. अशा वेळी घरी पाहुणे उतरले, त्यांना तांदळाची भाकरी नि पिठलं खाऊ घातलं, रात्री वाट दाखवली आणि त्याचे पैसे मिळाले तर ते कष्टाचे पैसे आहेत. सरसकट बंदीची मागणी जे करतात त्यांच्याशी म्हणूनच मी सहमत नाही. बंदी घातली की घरगुती खोल्या देणारी बाई बुडते. जनरेटर लावून शंभर तंबू ठोकणारा पुढच्या वर्षी दुसरा डोंगर शोधतो.

पण मग हेही विचारायला हवं की तो पैसा कोणाला मिळतो? आमच्या यजमान बाईंच्या घरात त्या रात्री आम्ही सहा जण होतो. रस्त्यावरच्या रांगेतली बहुतेक मंडळी रात्रीतच परत फिरणारी, जेवणाचे डबे शहरातून आणलेली. गावाच्या वाट्याला त्यांच्याकडून आल्या पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. आणि जे काजवे बघायला लोक येतात तेच कमी झाले, तर पहिलं नुकसान कोणाचं? तंबूवाल्याचं नव्हे. तो धबधब्यांचं पॅकेज काढेल.

काजव्यांवर प्रेम करून त्यांना संपवता येतं, हे जपानने दाखवलंय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथले व्यापारी रात्रीत हजारो काजवे पकडून मोठ्या शहरांतल्या बागांना आणि उपाहारगृहांना विकायचे. लोकांना काजवे आवडायचे म्हणून! नंतर कित्येक नद्यांचे काठ विझले आणि मग त्यांना अळ्या वाढवून सोडण्याची खटपट करत बसावं लागलं. आपल्याकडे अजून ती वेळ आलेली नाही, म्हणून तर हे आत्ता लिहितेय.

दुसरीकडे लोक काय करतात तेही सांगते. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाच्या राष्ट्रीय उद्यानात असेच एका तालात चमकणारे काजवे आहेत. तिथे त्या आठवड्यात मोजक्याच गाड्या सोडतात, त्याही चिठ्ठ्या टाकून. नंबर लागला तर जा, नाही लागला तर पुढच्या वर्षी. बॅटरीला लाल कागद लावायचा, झोत जमिनीकडे ठेवायचा, पायवाट सोडायची नाही. मलेशियात क्वाला सेलांगोरच्या नदीवर वल्ह्याच्या होडीतून नेतात. तिथल्या लोकांना पैसे मिळत नाहीत का? मिळतात. कारण त्यांनी ओळखलंय की ते अंधार विकताहेत. तंबू नि कोंबडी कुठेही मिळते, अंधार हल्ली कुठेच मिळत नाही.

आपल्याला एवढं अवघड आहे का? अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशाची पावती फाडतातच. तिथेच रोजच्या गाड्यांचा आकडा ठरवा, तो भरला की परत पाठवा. अंधार पडायच्या आत गाड्या उभ्या करायला लावा आणि पुढे पायी, गावातल्या वाटाड्याबरोबर. वाटाड्याचे पैसे वाढवा, हवे तर दुप्पट करा. ध्वनिवर्धक आणि जनरेटर अभयारण्यात मुळात हवेत कशाला? म्हाताऱ्या माणसांचं काय, असं कोणी विचारेल. माझे गुडघे दोन्ही कुरकुरणारे, मी गेले बांधावरून! आणि ज्यांना चालवतच नाही त्यांच्यासाठी घराच्या ओट्यावर खुर्ची टाकली तरी बास. काजवे ओट्यावरूनही दिसतात, फक्त गावातला रस्त्यावरचा दिवा तासभर बंद हवा.

आता 'महोत्सव' या शब्दाबद्दल. पावसाच्या आगमनाचा सण जंगलात नाही असं थोडंच आहे? आहे, पण तो आपल्याला दिसत नाही, कारण त्यात मांडव नाही. नाशिक-ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात मोठा उत्सव म्हणजे बोहाडा. देवादिकांचे रंगवलेले मुखवटे लावून, संबळाच्या तालावर रात्र रात्र सोंगं नाचवतात. पण तो उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत उरकायचा. पाऊस लागल्यावर माणसाला उसंत कुठली! ७-८ जूनला मृग निघाला की राब भाजून तयार ठेवलेल्या तुकड्यावर भाताचं बी पडतं. त्याआधी घरोघर पंचांगातून यंदा मृगाचं वाहन काय याची चौकशी. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे पाणी बरं, आणि कोल्हा निघाला की म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या. पोरं मखमलीसारखा लालभडक मृगाचा किडा तळहातावर घेऊन फिरणार. कोकणात शेताच्या राखणदाराला कोंबडं देऊन राखण करणार. ठाणे-पालघरच्या पाड्यांवर पहिली रानभाजी देवापुढे ठेवल्याशिवाय घरात शिजत नाही. हा सगळा आनंदच आहे, फक्त तो कामाच्या बोटाला धरून चालतो.

आणि त्या रानभाज्या! शेवळं, कवळा, फोडशी, टाकळा, भारंगी, लोत.. लिहिता लिहिता तोंडाला पाणी सुटलं. शेवळं जमिनीतून पहिल्या सरींबरोबर भाल्यासारखी वर येतात. नुसती शिजवली तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही, म्हणून बाजारात त्यांच्याबरोबर काकडं नावाची हिरवी आंबट-तुरट फळं विकायला असतात. ती घातली की खाज मरते. हे कोणत्या आजीने कधी शोधून काढलं असेल? आमच्या यजमान बाईंनी दुसऱ्या दिवशी कवळ्याची भाजी केली होती, लसूण नि मिरचीवर परतलेली. आमच्यातल्या एका चिरंजीवांनी ती बाजूला सारून "मॅगी मिळेल का?" विचारलं. मिळाली. तीही मिळते आता तिथे.

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी जुन्या देशी वाणांचं बियाणं घरात साठवून जपलं, वाटलं, आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. भंडारदऱ्याला जाणाऱ्या शंभरातल्या कितींना हे माहीत असतं? मृगाच्या तोंडावर त्या भागात जाऊन काही आणायचंच असेल तर बरणीतला काजवा आणू नका, वालाचं नाहीतर दोडक्याचं देशी बी आणा. गच्चीवरच्या कुंडीत लावा.

मात्र जंगलातलं सगळं जुनं तेवढं सोवळं, असंही मी म्हणणार नाही. राबासाठी झाडांच्या फांद्या किती छाटल्या जातात ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला ओढ्यातून वर चढतात, ते चढणीचे मासे पकडायची कोकणात नि घाटाखाली केवढी मौज! पोटात अंडी असलेली मासळी. पूर्वी चार घरं टोपली लावून पकडायची तेव्हा ओढा सांभाळून घ्यायचा. आता त्याचेही व्हिडिओ बघून शहरातून माणसं जाळी घेऊन जातात. प्रथा तीच राहते, पण ती पाळणारी माणसं वीसपट झाली की तिचा अर्थ बदलतो. काजव्यांचं नेमकं हेच झालंय. गावातली पोरं पिढ्यान् पिढ्या काजवे पकडत आली, त्याने काजवे संपले नाहीत.

आणखी एक. पॅकेजवाले एप्रिलमध्येच तारखा छापून मोकळे होतात. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन धडकला, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर कधीच नाही. रोहिणीचा दुसराच दिवस, आणि धो धो! त्यामुळे ठरवलेल्या शनिवारी काजवे दिसतीलच असं नाही, आणि नाही दिसले म्हणून पैसे परत मागायचं काही कारण नाही. काजव्यांनी कुठे तुमच्याकडून आगाऊ रक्कम घेतलीय?

तर चिरंजीव, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जाऊया. पण शनिवारी नाही, मंगळवारी किंवा बुधवारी, रजा काढ. एकच गाडी, आणि ती दिवस मावळायच्या आत अंगणात उभी झाली पाहिजे. राहायचं गावात कोणाच्या तरी घरी. अंगाला डास पळवणारी मलमं चोपडून झाडाखाली जायचं नाही, पूर्ण बाह्यांचे कपडे घाल. फोटो काढायचे नाहीत, नाहीतरी मोबाइलमध्ये काळा चौकोनच येतो. जेवायला जे वाढतील ते जेवायचं.

आणि जमलं तर जुलैत पुन्हा एकदा जायचं. तेव्हा काजवे नसतात, तंबूही गेलेले असतात. खाचरात गुडघाभर चिखल असतो, आवणी (आपण जिला लावणी म्हणतो ती) चालू असते आणि बायका ओणव्यानं ओळी धरून रोपं लावत मागे मागे सरकत असतात. गेल्या खेपेस निघताना बाई म्हणाल्या होत्या, "काजव्याला समदे येत्यात, आवनीला कुनीबी येत न्हाय. तुमी या, मानसं कमी पडत्यात." माझ्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही, मी ओट्यावर बसून भाकऱ्या थापीन. तुम्हा तरण्या पोरांना काय धाड भरलीय?